एक-षष्ठांश टी-५५ बांधताना: जीव ओता तो खालच्या भागात

एवढा मोठा रिमोटचा रणगाडा बांधायचा म्हटलं की सगळ्यांचं लक्ष तोफेवर आणि टरेटवर (तोफेच्या फिरत्या घुमटावर) जातं. माझ्या अनुभवाने सांगतो, निम्म्याहून जास्त वेळ आणि पैसा चाकं, टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) आणि ट्रॅकवर घालवा. वरचं अंग १० मिमी प्लायचंही छान होतं.

मी टी-५५ घेतला. १९७१ च्या युद्धात आपल्या सैन्याने तो वापरला होता, आणि बांधायलाही सुटसुटीत: एका बाजूला पाच चाकं, वर रिटर्न रोलर (वरचा ट्रॅक पेलणारी छोटी चाकं) नाहीत. मूळ रुंदी ३.२७ मीटर, चाक ८१० मिमी, ट्रॅक ५८० मिमी रुंद. सहाने भागलं की ५४५, १३५ आणि ९७ मिमी. वजनाला मात्र २१६ ने (६ × ६ × ६) भागायचं. ३६ टनांचे १६७ किलो होतात. तेवढ्याच्या मागे लागू नका. ६० किलोत बसवला तर दोघांना उचलता येतो.

आता टॉर्शन बार. दोन ट्रॅकच्या मधे साधारण ३५० मिमी जागा मिळते, म्हणून ५ मिमी जाडीचा, ३४० मिमी लांब बार आणि ४० मिमीचा हात (बारला चाक जोडणारा दांडा). दर चाकावर ६ किलो भार धरला तर हा हात सुमारे ७ मिमी खाली बसतो, म्हणजे खड्ड्यात जायला आणि उंचवट्यावर चढायला दोन्हीकडे वाव राहतो. नागपूरला इतवारीत लोहा ओळीत ब्राइट बार (साधी गुळगुळीत लोखंडी सळई) लगेच मिळेल, पण तो नको. उभ्या रणगाड्याच्या वजनाने त्याला काही होत नाही. दगडावरून आदळला की पीळ कायमचा राहतो आणि रणगाडा एका अंगाला झुकतो. स्प्रिंग स्टीलच मागा. आणि त्याला वेल्डिंग अजिबात करू नका. उष्णतेने स्टीलला दिलेलं पाणी उतरतं आणि बार नेमका वेल्डच्या शेजारी तुटतो. टोकाला चपटी बाजू घासून घ्या, हातात भोक पाडून दोन ग्रब स्क्रूंनी (बिनडोक्याच्या स्क्रूंनी) आवळा. चाकं नायलॉनची, हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवर वळवून घेतलेली, आत १२ मिमी एक्सलवर ६००१ नंबरचं सीलबंद बेअरिंग.

ट्रॅकला एका बाजूला ९० कड्या, पिच (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर) २२.८ मिमी. इथे घाई नडते. कडीची भोकं जिग (भोक दरवेळी त्याच जागी पाडणारा साचा) लावूनच पाडा. प्रत्येक कडीत फक्त ०.१ मिमी फरक पडला, तरी ९० कड्यांत ९ मिमी होतो आणि ट्रॅक स्प्रॉकेटच्या (ट्रॅक ओढणाऱ्या चाकाच्या) दातांवर चढून बसतो. वापराने भोकं झिजतात तेव्हाही हेच गणित. म्हणून पुढच्या आयडलरला (ट्रॅक ताणून धरणाऱ्या मोकळ्या चाकाला) किमान १५ मिमी सरकायची सोय ठेवा. ती संपली की एक कडी काढा. ताण किती? रिटर्न रोलर नसल्यामुळे वरचा ट्रॅक मधल्या चाकांवर टेकलेला दिसला पाहिजे. तारेसारखा ताणला तर मोटर गरम होते आणि बेअरिंग जातात.

मोटर २४ व्होल्टची, २५० वॅटची गिअरवाली, ई-स्कूटरसाठी मिळते ती, दोन लागतात. ९ दातांवरून १८ दातांवर चेन घेतली की वेग चालण्याइतका राहतो. जागेवर वळताना करंट सगळ्यात जास्त ओढला जातो, त्यामुळे कंट्रोलर दर मोटरला २५ अँपिअरच्या खालचा घेऊ नका आणि प्रत्येक मोटरला वेगळा ३० अँपिअरचा फ्यूज लावा. रणगाडा ठोकळ्यांवर उचलून ठेवा, ट्रॅक फिरत असताना रिमोट बंद करा. ट्रॅक तत्काळ थांबले पाहिजेत. ही फेलसेफची चाचणी झाल्याशिवाय तो जमिनीवर उतरवूच नका. लोकांच्या पायाजवळ ६० किलो फिरणार आहे.

नागपूरचा उन्हाळा बॅटरीला भारी. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, आणि हिरव्या रंगाच्या बंद खोक्यात आत त्याहून कितीतरी जास्त. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करत नाहीत. म्हणून पहाटे, घरात, बॅटरी बाहेर काढून चार्जिंग. इंजिनाच्या जाळीखाली ८० मिमीचे दोन पंखे बसवा, एक आत हवा ओढणारा, एक बाहेर फेकणारा.

पावसाळ्यात काळ्या मातीवर नेऊच नका. ओली माती स्प्रॉकेटच्या दातांच्या मधे ठासून भरते, ट्रॅक वर उचलला जातो आणि उतरतो. तसंच रेटलं तर चेन तुटते. मुरमाचं मैदान सगळ्यात चांगलं. माती लागलीच तर ओली असतानाच धुवा, वाळली की छिन्नीने फोडावी लागते.

ट्रॅकच्या पिनांना ग्रीस लावू नका. ग्रीस धूळ धरून ठेवतं, त्याची घासणारी लुगदी होते आणि भोकं लवकर मोठी होतात. खऱ्या टी-५५ चे ट्रॅकही कोरडेच चालायचे. ग्रीस फक्त चाकांच्या हातांच्या बुशना (हात ज्यात फिरतो त्या नळ्यांना); तेही दोन-चार फेऱ्यांनंतर पुसून नवं.