१९ दिवसांची पॉलिसी आणि घराच्या विम्याचा क्लेम : माझा अनुभव

पॉलिसी घेतल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी नुकसान झाले, एवढी एकच गोष्ट माझ्या क्लेमच्या आड सहा आठवडे उभी राहिली. नुकसान खरे होते, त्याचे कारण पॉलिसीत बसणारे होते आणि मागितलेला प्रत्येक कागद मी वेळेवर दिला होता, तरीही "इतक्या लवकर कसे काय?" हा प्रश्न कंपनीच्या प्रत्येक ई-मेलमागे होता. तो आठवला की मला आजही राग येतो.

आमचा पुण्यातला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. एप्रिल २०२५ मध्ये गृहकर्ज फिटले, त्याबरोबर कर्जाला जोडून मिळालेला घराचा विमाही संपला, म्हणून ९ मे रोजी मी स्वतः 'भारत गृह रक्षा' पॉलिसी घेतली. २७ मे रोजी आम्ही सगळे लग्नासाठी साताऱ्याला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या काकूंचा फोन आला, की त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतातून पाणी ठिबकते आहे. त्यांनीच वॉचमनला सांगून गच्चीवरचा आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून घेतला. संध्याकाळी दार उघडले तेव्हा घरभर पाणी होते. सिंकखालच्या कनेक्शन पाईपचा प्लॅस्टिकचा नट मानेपासून तुटला होता आणि पाणी बहुधा रात्रभर वाहत राहिले होते. ट्रॉल्यांचे प्लायवुड खालून फुगले होते, बेडरूममधली लाकडी फ्लोअरिंग जोडांवर उचलली गेली होती आणि पलंगाच्या बॉक्समधल्या गाद्या भिजल्या होत्या.

त्याच रात्री कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर कळवले, क्लेम नंबर मिळाला, तिसऱ्या दिवशी नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर आले. इथवर तक्रार करण्यासारखे काहीही नव्हते.

सर्व्हेअरनी तासभर फोटो काढले, स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, परवाच पाऊस सुरू झालाय. ही ओल बाहेरून आलेली नाही कशावरून?" त्या वर्षी मोसमी पाऊस २६ मे रोजीच पुण्यात पोहोचला होता, त्यामुळे प्रश्न अगदीच अवाजवी नव्हता, हे मी मान्य करते. पाण्याची टाकी किंवा पाईप फुटून झालेले नुकसान या पॉलिसीत येते, पण भिंतीतून हळूहळू झिरपणाऱ्या ओलीचे नुकसान त्यात धरले जात नाही. म्हणजे माझा सगळा क्लेम या एका फरकावर उभा होता, आणि नेमके तिथेच पुढचे चार आठवडे अडकले.

४ जूनला पहिला ई-मेल आला : नुकसान पॉलिसीपूर्वीचे नसल्याचा पुरावा द्यावा. मी प्लंबरचे लेखी निवेदन आणि पाईपचे फोटो पाठवले. पाच दिवसांनी दुसरा ई-मेल आला, की इमारतीत गळतीची जुनी तक्रार नाही असे सोसायटीचे पत्र हवे. सचिव गावी गेले होते, त्यामुळे लेटरहेडवर सही-शिक्का मिळायला आठवडा गेला. ते पत्र दिल्यावर तिसरा ई-मेल आला, त्यात ट्रॉल्यांचे मूळ बिल मागितले होते. ते दिल्यावर चौथा आला, त्यात पॉलिसी घेण्यापूर्वीचे घराचे फोटो हवे होते. हे सगळे एकदम मागितले असते तर मी दोन दिवसांत दिले असते. पाचव्या ई-मेलमधला प्रश्न मला सर्वांत जास्त लागला : पॉलिसी नेमकी मे महिन्यातच घेण्याचे कारण काय? बावीस वर्षे एकही हप्ता न चुकवता कर्ज फेडलेल्या माणसाला असे विचारले जाते, तेव्हा तो प्रश्न कागदापुरता राहत नाही.

याचे उत्तर माझ्या कपाटातच होते, पण ते सुरुवातीलाच द्यावे हे मला सुचले नाही. बँकेचे कर्ज फिटल्याचे पत्र आणि कर्जासोबतच्या जुन्या विम्याची प्रत, हे दोन कागद पहिल्याच दिवशी जोडले असते तर बहुधा हा प्रश्न आलाच नसता. ज्यांची पॉलिसी नवी आहे त्यांनी आधीच्या विम्याचे कागद, तो कितीही जुना असला तरी, क्लेम फॉर्मबरोबरच द्यावेत.

ओलीचा मुद्दा शेवटी भिंतीनेच सोडवला. मी सर्व्हेअरना पुन्हा बोलावले आणि ट्रॉल्यांमागची फळी काढून दाखवली. पाण्याची रेघ जमिनीपासून साधारण चार इंचांवर, तिन्ही भिंतींना एकाच उंचीवर, पट्टीने ओढल्यासारखी सरळ होती. बाहेरून झिरपणारी ओल वेडीवाकडी असते, खिडकीच्या कोपऱ्यातून किंवा वरून उतरते, आणि ती जुनी असेल तर रंगाचे पोपडे सुटतात व पांढरा खार दिसतो. आमच्या भिंतीला ना पोपडा होता ना खार. त्यानंतर मी तुटलेला नट त्यांच्या हातात ठेवला. तुटलेली कड स्वच्छ पांढरी होती, तिच्यावर ना गंजाचा डाग होता ना मळाची रेघ. प्लंबर तो पाईप कचऱ्यात टाकत होता आणि मी तो केवळ सवयीने मागून घेतला होता. तुटलेली वस्तू क्लेम मिटेपर्यंत कधीही टाकू नये, हे मी आता प्रत्येकाला सांगते. पाणी पुसण्यापूर्वी फोटो काढणे तितकेच आवश्यक आहे. माझ्या फोनमधल्या फोटोंवर तारीख आणि वेळ होती, त्याचा मोठा उपयोग झाला. मात्र फोटोंसाठी पाणी तसेच साचू देऊ नये, कारण नुकसान वाढू न देणे ही पॉलिसीधारकाचीच जबाबदारी असते.

एवढे होऊनही जूनअखेर निर्णय आला नाही, तेव्हा ३० जूनला मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअरने १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा असतो. या दोन मुदतींसमोर मी आमच्या प्रत्येक ई-मेलची तारीख लिहून दिली. एका महिन्यात समाधान झाले नाही तर पुण्यातील विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाईन, असेही कळवले. लोकपालांकडे तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. तिसऱ्या दिवशी कंपनीतून फोन आला, आणि प्रथमच समोरची व्यक्ती माझा क्लेम पूर्ण वाचून बोलत होती.

११ जुलैला मंजुरीचे पत्र आले. मी १,३८,४०० रुपयांचा क्लेम केला होता, त्यापैकी १,२१,७५० मंजूर झाले. कपात मुख्यतः सुताराच्या मजुरीत झाली, कारण त्याने बिल साध्या कागदावर दिले होते. कामाचे इस्टिमेट आणि बिल दुकानाच्या नावाने, शक्यतो जीएसटी क्रमांकासह घ्यावे. अहवालाची प्रत मागितली, ती मिळाली, आणि हिशोब पटल्यावर मी सही केली. १६ जुलैला रक्कम खात्यात जमा झाली. त्या दिवशी मला पैशांपेक्षा अहवालातल्या एका वाक्याचे समाधान अधिक वाटले : नुकसान पाईप अचानक तुटल्यामुळे आणि पॉलिसीच्या मुदतीत झाले आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. काकूंच्या छताचा रंग खराब झाला होता, पण माझी पॉलिसी माझ्या घरापुरतीच होती आणि दुसऱ्याच्या घराच्या नुकसानीची भरपाई त्यात नव्हती. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे जोडसंरक्षण (मूळ पॉलिसीला जोडून घ्यायचे जादा संरक्षण) मिळते का, ते पॉलिसी घेतानाच विचारावे. रंगाचे साडेसात हजार मी दिले. काकू नको म्हणत होत्या, पण त्यांनी त्या सकाळी व्हॉल्व्ह बंद करून घेतला नसता तर आमच्या घरातले पाणी कुठवर चढले असते, याचा मला अंदाजही करवत नाही.