पफ पेस्ट्री टार्ट: सारण कोरडं तर सगळं जमलं

फ्रीजरमधे पफ पेस्ट्रीची (खारीसारखे पदर सुटणाऱ्या लोणी-पिठाची) शीट पडलेली असली की मी निवांत असते, कोणीही कधीही या, टार्ट, म्हणजे शीटवर सारण घालून ओव्हनमधे भाजलेला प्रकार, होतोच. तयार शीट वापरते म्हणून नाक मुरडणारे असतात, त्यांनी एकदा घरी करून बघावी, लोणी घातलेल्या पिठाची तीन पदरी घडी सहा वेळा घातली की ७२९ थर होतात आणि मधे मधे पीठ फ्रीजमधे गार करत बसायचं, दिवस गेला की हो त्यात! फक्त पाकिटावर खरं लोणी लिहिलंय ना ते बघून घ्या, वनस्पती तुपाची शीट फुगते छान पण टाळूला चिकटते.

आता मुद्द्याची गोष्ट. ही पेस्ट्री फुगते ती पाण्यामुळे. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं, पिठातही असतंच, ओव्हन कडक तापलेला असला की त्याची झटकन वाफ होते आणि थर वर उचलले जातात, म्हणून शीट गारच हवी आणि ओव्हन २०० डिग्रीला आधीच तापलेला हवा. आणि तेच पाणी सारणातून खाली उतरलं की बूड गिचका! त्यामुळे सारण कुठलंही करा, आधी त्याचं पाणी काढा.

टोमॅटोच्या चकत्यांना मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवायच्या, मग टिपून घ्यायच्या. मशरूम परतताना आधी भरपूर पाणी सुटतं, तिथे गॅस बंद करायचा नाही, ते आटून पुन्हा चर्र आवाज यायला लागला आणि कडा तांबूस झाल्या की मग लसूण, मिरपूड. पालक वाफवून गार करून मुठीत घट्ट पिळायचा, एवढ्या मोठ्या जुडीचा लिंबाएवढा गोळा उरतो, वाईट वाटतं पण पिळायचाच, मग त्यात चीज आणि जायफळ. कांदा मंद आचेवर चाळीसेक मिनिटं, दहा मिनिटांत कॅरमलाइज्ड (तपकिरी, गोडसर) कांदा होतो म्हणणाऱ्या रेसिप्यांवर माझा अजिबात विश्वास नाही. गोडात माझं मत सफरचंदाला, पातळ काप, खाली बदामाची पूड पसरायची म्हणजे रस ती पिते, आणि बाहेर काढल्यावर कोमट जर्दाळू जॅमचा हात फिरवायचा.

बाकी काम सोप्पं आहे. कडेपासून एक सेंटीमीटर आत सुरीने चौकट आखायची, आरपार कापायचं नाही, मधल्या भागाला काट्याने टोचे मारायचे, सारण चौकटीतच. कडेला अंडं लावताना ते बाजूने ओघळू द्यायचं नाही हं, थर एकमेकांना चिकटतात आणि ती बाजू फुगतच नाही. मग वीस-पंचवीस मिनिटं. वरून सोनेरी दिसला म्हणून लगेच काढू नका, उलथन्याने एक कोपरा उचलून बूड बघा, ते पण तपकिरी हवं.

उरलेल्या पट्ट्यांचा मळून गोळा करू नका, थर मोडतात, एकावर एक ठेवून लाटा, चीज भुरभुरवा आणि पीळ देऊन भाजा, टार्ट गार होईपर्यंत तेवढंच तोंडात टाकायला. टार्ट उरलाच तर दुसऱ्या दिवशी ओव्हनमधेच गरम करायचा, मायक्रोवेव्हमधे घातलात तर मला सांगू नका 😄