माती तापवण्याआधी पाण्याचा हिशेब

डिझेल किंवा सॉल्व्हंट मुरलेली माती खणून न काढता जागच्या जागी रेडिओ लहरींनी तापवून साफ करता येते. जमिनीत इलेक्ट्रोडच्या तीन समांतर ओळी रोवायच्या. मधल्या ओळीला जनरेटर, बाहेरच्या दोन अर्थिंगला. वारंवारता ६.७८, १३.५६ किंवा २७.१२ मेगाहर्ट्झ. बाहेरच्या ओळींत सच्छिद्र नळ्या घेतल्या की त्यांतूनच प्रदूषकांची आणि पाण्याची वाफ ओढता येते. ती पुढे कंडेन्सर (वाफ थंड करून द्रव करणारं उपकरण) आणि सक्रिय कोळशाच्या टाकीतून न्यायची. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्होल्क फील्ड हवाई तळावर १९८९ साली याच पद्धतीने माती १५० अंशांच्या वर नेली होती.

वीज खाते ती मात्र मातीपेक्षा तिच्यातलं पाणी. एक घनमीटर घ्या: कोरडी माती १६०० किलो, ओलावा १० टक्के, म्हणजे पाणी १६० किलो. २० अंशांवरून १५० अंशांवर जायला माती सुमारे ५० युनिट घेते. पाणी उकळीला आणायला १५ आणि त्याची वाफ करायला तब्बल १००. ओलावा २० टक्के असेल तर एकूण आकडा १६५ वरून २८० वर जातो. जनरेटरमधली घट आणि आजूबाजूला निसटणारी उष्णता यात धरलेलीच नाही. म्हणून भूजल वर असेल तर आधी पंपाने उतरवा. पाणी आत येत राहिलं तर तापमान १०० अंशांवरच अडकतं, बिल वाढत जातं.

साध्या ५० हर्ट्झच्या विजेने तापवताना माती सुकली की प्रवाह तुटतो. रेडिओ लहरी सुक्या मातीतही काम करतात, आणि वाफ व्हायला जास्त तापमान लागणाऱ्या जड तेलांसाठी एवढा खर्च करायचं खरं कारण तेच. पण सुकताना मातीचा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, सतत बदलतो. जनरेटर आणि माती यांचा मेळ घालणारं मॅचिंग नेटवर्क त्यामागोमाग जुळवत राहावं लागतं. नाहीतर शक्ती परत फिरते, जनरेटर ट्रिप होतो, कनेक्टरवर ठिणग्या पडतात. गाडलेले पाइप आणि सळ्या आधी शोधून काढा, कारण विद्युत क्षेत्र तिकडे ओढलं जातं आणि मधला भाग थंड राहतो.

थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या धातूच्या सेन्सरच्या) तारा स्वतःच लहरी पकडतात, त्यामुळे वाचन फसवं येतं. फायबर ऑप्टिक सेन्सर वापरा, किंवा जनरेटर थांबवून वाचन घ्या. वर धातूचं आवरण हवंच, माणसांसाठीही आणि आसपासच्या रेडिओ यंत्रणेसाठीही.

तापवणं संपलं तरी वाफ ओढणारा व्हॅक्यूम चालूच ठेवा. माती सावकाश थंड होते, तोवर प्रदूषक सुटत राहतात आणि ओढून घेतले नाहीत तर कडेच्या थंड मातीत पुन्हा जमतात.