तुम्ही विचारलंत म्हणून: बोलीला व्याकरण असतं का?

नाशिकच्या सिडकोत कुणाच्याही घरी अहिराणी नोंदवायला रेकॉर्डर घेऊन बसले, की चहा यायच्या आत हा प्रश्न येतो. "अहिराणीला कुठलं आलंय व्याकरण? ती तर बोली." विचारणारी माणसं बहुधा खानदेशातलीच असतात. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला आली, इथेच राहिली, आता घरात मुलांशी मराठी बोलतात. त्यांच्या तोंडून हे ऐकलं की मला वाईट वाटतं.

माझी आजलमाय, म्हणजे आईची आई, हेच म्हणायची. एकदा तिच्याशी अहिराणीत बोलता बोलता मी 'वावरात' म्हणून गेले. तिने तिथेच अडवलं. "वावरात नही, वावरमा." चूक काढता येते म्हणजे नियम आहे. मराठीत 'वावर'चं आधी सामान्यरूप होतं, 'वावरा', आणि मग त्याला 'त' लागतो. अहिराणीत शब्द जसाच्या तसा राहतो आणि 'मा' येऊन चिकटतो: घरमा, गावमा, वावरमा. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आजलमायने हा नियम जन्मभर पाळला. तो कागदावर उतरवणं एवढंच माझं काम.

ते उतरवणं मात्र सोपं नाही, कारण विचारलं की नियम लपतो. सुरुवातीला मी वही घेऊन बसायचे. "आजी, 'पाऊस पडतोय' हे कसं म्हणशील?" ती पदर सावरून, शहरातल्या नातीला शोभेल असं म्हणायची, "पाऊस पडतोय." थोड्या वेळाने खरंच सर आली, आणि गॅलरीतल्या कपड्यांकडे धावत ती ओरडली, "पानी पडी ऱ्हायनं!" मला हवं होतं ते हे. यातला 'ऱ्हायनं' आपल्या 'राहणे'चाच. पण मराठीत 'पडून राहिलं' म्हटलं की एखादी वस्तू नुसती पडलेली दिसते. अहिराणीत त्याच क्रियापदाने चालू घडीची क्रिया सांगितली जाते. त्या दिवसापासून भाषांतर मागणं मी बंद केलं.

ब्रिटिश अधिकारी ग्रिअर्सनने केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात (खंड १९०३ ते १९२८ या काळात निघाले) बहुतेक ठिकाणी बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट स्थानिक भाषेत करून घेतली होती. शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायला ती फार मोलाची आहे, मी स्वतः वापरते. पण बाहेरून आलेली गोष्ट सांगताना माणूस जपून बोलतो. कपडे भिजत असताना तसं बोलत नाही.

अहिराणीला निदान वेळ आहे. २०११च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी त्यातच मोजली जाते) बोलणारे १८ लाखांवर आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव-जामोदकडच्या निहालीचं तसं नाही. ती बोलणारे जेमतेम २,००० ते २,५००. १९७१पासून जनगणना १०,०००पेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांची नावं वेगळी छापत नाही, त्यामुळे अशी भाषा तक्त्यात दिसतही नाही. निहालीने शेजारच्या कोरकू भाषेतून ढीगभर शब्द घेतले, दोन-तीन-चार हे आकडेही (इरर, मोथो, नालो) द्राविडी वळणाचे. तरी आतली भाषा कुठल्याच कुळात बसत नाही. तिला बहीण नाही. अहिराणीत एखादं रूप सुटलं तर भिली, गुजराती, मराठीत डोकावून अंदाज बांधता येतो. निहालीत सुटलेलं रूप कुठे शोधायचं? आणि तिथली माणसं कोरकूही बोलतात, म्हणजे माझ्या पावसाच्या वाक्याची फसगत तिथेही व्हायचीच.

शब्दांच्या याद्या पुष्कळ होतात, कारण त्या सोप्या असतात. माझ्या मते आधी बोलणं हवं, लांबलचक आणि अघळपघळ. मग एकेक वाक्य ऐकून लिहायचं, शब्दाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याखाली त्याचं काम लिहायचं. एका मिनिटाच्या बोलण्याला माझा तासभर जातो. यादीत 'मा' कधी सापडला नसता, कारण तो एकटा येतच नाही.

तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस असेल तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तरच. 'याला तुमच्याकडे काय म्हणतात' हे नका विचारू. खापरावर मांडे कसे करायचे ते विचारा, पहिल्यांदा नाशिकला आले तो दिवस कसा गेला ते विचारा. आणि मध्ये बोलू नका.