दीडशे शब्दांत माणूस

गणपती महिन्यावर आले की इंदूरच्या मराठी मंडळांत स्मरणिकेची धावपळ सुरू होते. जाहिराती मिळतात, पाककृती येतात, अध्यक्षांचं मनोगतही येतं (बहुधा गेल्या वर्षीचंच, साल बदललेलं). घोडं अडतं ते ‘आपले मान्यवर’ या सदरापाशी. एक फोटो आणि दीडशे शब्द, एवढंच तर काम. पण सगळ्यात जास्त चुका छापल्या जातात त्या तिथेच.

घरच्यांकडून येणारी माहिती म्हणजे बहुतेक वेळा पुरस्कारांची यादी. ‘मनमिळाऊ स्वभाव’, ‘मोलाचा वाटा’ वगैरे वर शिंपडलेलं असतं. अशा मजकुराची एक परीक्षा करून बघावी: त्यातून इंदूरचं नाव खोडायचं. काहीच बिघडलं नाही, तर तो परिचय कुठल्याही गावाच्या कुठल्याही गृहस्थाला चालेल. देवळालीकर मास्तरांचं तसं होत नाही. चित्रकलेचे शिक्षक द. दा. देवळालीकर यांच्या परिचयातून इंदूरची चित्रशाळा काढली तर हातात काय उरेल? त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं पाहा: ना. श्री. बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर, आणि पंढरपूरला जन्मून इंदुरात वाढलेला हुसेन नावाचा मुलगा. बेंद्रे 1950 मध्ये बडोद्याला शिकवायला गेले आणि तिथे त्यांनी आणखी एक पिढी घडवली. चिंचाळकर गुरुजी इथेच राहिले आणि वाळक्या पानांतून, मुळांतून, मोडक्यातोडक्या वस्तूंतून पक्षी आणि चेहरे काढत बसले. दीडशेतले शंभर शब्द अशा गोष्टींवर खर्चावेत. मानपत्रं एका ओळीत उरकली तरी कुणाचं काही जात नाही.

‘आपलं’ कोण, हा वाद बैठकीत होतोच. लताबाईंचा जन्म इथला, 28 सप्टेंबर 1929 चा, पण कारकीर्द मुंबईची. क्रिकेटपटू सी. के. नायडू नागपूरचे, होळकरांनी 1923 मध्ये बोलावलं म्हणून आले आणि 1967 मध्ये गेले तेही इंदुरातच. मराठी मंडळाच्या अंकात नायडू कसे, असं विचारणारा एखादा निघतो. त्याला चहा द्यावा आणि अंकाचं पान लावायला घ्यावं. अहिल्याबाईंबद्दल मात्र कुणी वाद घालत नाही, आणि नेमकं तिथेच चुकीचं वाक्य सटकतं. विमानतळाला त्यांचं नाव, विद्यापीठाला त्यांचं नाव, म्हणून ‘इंदूरहून राज्य केलं’ असं छापून मोकळे होतात. कारभार महेश्वरहून चालत होता.

त्यांच्या पुण्यतिथीचं तर वेगळंच दुखणं आहे. तारीख 13 ऑगस्ट 1795, तिथी श्रावण वद्य चतुर्दशी. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हींचा महिना एक आणि वद्य पक्षात हिंदीवाले एक महिना पुढे. त्यांच्याकडे हीच तिथी भाद्रपद कृष्ण चतुर्दशी म्हणून छापतात. ती जशीच्या तशी उचलून मराठी पंचांगात शोधली की पुण्यतिथी थेट पितृपक्षात जाऊन पडते. शकाचं इसवी सन काढणं त्या मानाने सोपं: 78 मिळवायचे, जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथीला 79. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून घेतली असेल तर पत्रिकेशी ताडून बघावी. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीची तारीख लावून दिलेली पुष्कळदा सापडते.

आकड्यांचा आणखी एक सापळा. होळकर संघाने रणजी करंडक 4 वेळा जिंकला: 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53. जोडसाल तोडून एकच छापलं की जिंकलेलं वर्ष हुकतं. त्यातल्या पहिल्या वेळी बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात नायडूंनी 200 धावा काढल्या. तेव्हा त्यांना 50 पूर्ण होऊन 51वं चालू होतं. एक अंक 50 म्हणतो, दुसरा 51, आणि भांडण विनाकारण. ‘51व्या वर्षी’ लिहिलं की दोघेही गप्प.

छापखाना हिंदी असेल तर ‘ळ’कडे डोळ्यांत तेल घालून बघावं. होळकर, देवळालीकर, चिंचाळकर, तिघांचाही ‘ल’ होऊन येतो. आडनावं एकाने मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मूळ कागद धरायचा. एकट्याने तपासलं की डोळा सवयीने पुढे पळतो.

फोटोसाठी तसबीर भिंतीवरून उतरवावी आणि खिडकीपाशी, पण उन्हात नव्हे, उभी करून फ्लॅश बंद ठेवावा. काढणाऱ्याने पांढरा शर्ट घालू नये, काचेत तोच दिसतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून. नुसता पाठवला तर छापताना नाकडोळे विरघळतात. समूहछायाचित्राखाली ‘डावीकडून’ एवढंच पुरत नाही, बसलेले आणि उभे वेगळे लिहावेत. तरीही एखादा ओळखू येत नाहीच. अंक निघाला की दुसऱ्या दिवशी त्याच्या नातीचा फोन येतो. नाव तिथल्या तिथे कार्यालयाच्या प्रतीवर लिहून ठेवावं आणि छापखान्याच्या फाइलमध्येही घालून घ्यावं, कारण पुढच्या वर्षीचा संपादक कामाला लागतो तो त्याच जुन्या फाइलवरून.