ओवीचं शेत मिंटवर आणताना

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि भाचीचा लॅपटॉप माझ्याकडे आला. मशीन ठणठणीत, पण प्रोसेसर जुना, त्यामुळे विंडोज ११ चालणार नाही. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरलं. लॅपटॉप हातात देताना ओवीने एकच विचारलं, "मामा, माझं शेत राहील ना रे?"

शेत म्हणजे स्टारड्यू व्हॅलीमधलं. आजोबा नातवंडाच्या नावे शेत करून जातात, तिथून हा गेम सुरू होतो. तिसरं वर्ष उजाडलं की ते पुन्हा येतात आणि तू काय केलंस ते बघतात. ओवी दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात, २६ तारखेला होती. तिथला ऋतू २८ दिवसांचा. तीनच रात्री उरल्या होत्या, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून खेळ म्हणणं मला शक्यच नव्हतं.

डिस्क पुसायच्या आधी पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच मिंट चालू केलं. विंडोजमध्ये लपलेला अ‍ॅपडेटा फोल्डर इथून सरळ दिसतो. त्यात रोमिंग, मग स्टारड्यूव्हॅली, मग सेव्हज, म्हणजे जतन केलेला खेळ. या सेव्हज फोल्डरची झिप केली, दोन पेनड्राइव्हवर ठेवली आणि मगच इन्स्टॉल केलं.

गेम गॉग या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतलेला आहे, त्यात लिनक्सचा इन्स्टॉलर मिळतो. एकदा गेम उघडून बंद केला की सेव्हजची जागा आपोआप तयार होते: होम फोल्डर, त्यात कॉन्फिग, त्यात स्टारड्यूव्हॅली, त्यात सेव्हज. कॉन्फिगच्या नावापुढे टिंब असल्यामुळे तो दिसत नाही, कंट्रोल-एच दाबावं लागतं. (विंडोजचा गेम प्रोटॉनवर, म्हणजे स्टीम या गेमच्या दुकानाच्या लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या सोयीवर चालवत असाल तर इथे शोधू नका. तिथे स्टीमच्या कॉम्पॅटडेटामध्ये प्रत्येक गेमच्या नंबरचा फोल्डर असतो आणि त्याच्या आत अख्खा सी ड्राइव्ह मांडलेला असतो.)

झिप तिथे उघडली, गेम चालू केला, लोडवर क्लिक केलं. यादी रिकामी.

ओवी शेजारीच बसली होती. काही बोलली नाही, फक्त खुर्ची जवळ ओढली.

आधी फाइलच खराब झाली का ते बघायचं होतं. सेव्ह म्हणजे एक्सएमएल, साधी मजकुराची फाइल, पण सगळा मजकूर एकाच ओळीत. एडिटरमध्ये उघडली तर एडिटरच अडकून बसला. मग टर्मिनलमध्ये ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने तिच्या शेतातल्या कुत्र्याचं नाव शोधलं, खंडू. सापडलं! खंडू आहे म्हणजे शेतही आहे.

मग घोळ लक्षात आला. मी सेव्हज फोल्डरचीच झिप केली होती आणि ती सेव्हजमध्येच उघडली, त्यामुळे सेव्हजच्या आत आणखी एक सेव्हज. गेम फक्त एकच पायरी आत बघतो. तिथे खेळाडूचं नाव, अंडरस्कोर आणि एक लांबलचक आकडा अशा नावाचा फोल्डर हवा, आणि त्याच्या आत नेमक्या त्याच नावाची फाइल. सोबत सेव्हगेमइन्फो नावाची दुसरी फाइल असते, तीही लागते. म्हणून 'ओवीचं शेत' असलं सुटसुटीत नाव त्या फोल्डरला कधीही देऊ नका. लिनक्सला तर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरातला फरकही चालत नाही.

तिचा फोल्डर एक पायरी वर आणला. पुन्हा लोड. हिवाळा, २६ तारीख, दुसरं वर्ष.

हा गेम झोपल्यावरच सेव्ह होतो. तिने कोंबड्यांना चारा घातला, खंडूला थोपटलं आणि शेतकरणीला झोपवलं. मी फोल्डर उघडाच ठेवला होता. फाइलची वेळ बदलून त्या संध्याकाळची झाली, तेव्हा मी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

आणखी दोन रात्रींनी आजोबा आले. शेतातल्या त्यांच्या समाधीपाशी चारपैकी तीन मेणबत्त्या पेटल्या; काम जितकं चांगलं तितक्या मेणबत्त्या. तिथे हिरा ठेवला की ते पुन्हा येऊन बघतात, म्हणून सध्या ती खाणीत उतरली आहे.