गोव्यात अंगोरा: आधी खोली, मग ससा

अंगोरा हा लोकरीसाठी पाळला जाणारा ससा, थंड हवेचा प्राणी. हिमाचलात कुल्लूच्या बाजूला तो रमला, कारण त्याला १० ते २० अंश तापमान मानवतं. इथे मे महिन्यात पारा ३३-३४ वर, शिवाय दमट हवा. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो कानांतून आणि श्वासातून बाहेर टाकतो, म्हणून नुसत्या पंख्याने भागत नाही. एसीची खोली हवीच. वीज गेली तर फडक्यात गुंडाळायला बर्फाच्या दोन बाटल्या फ्रीजरमध्ये कायम तयार ठेवायच्या. एवढी सोय नसेल तर अंगोरा आणूच नये. तोंड उघडं ठेवून धापा टाकू लागला तर कान गार पाण्याने ओले करा आणि लगेच डॉक्टर गाठा. अंगावर मात्र पाणी ओतू नका, भिजलेली लोकर वाळत नाही, तिचा नमदा होतो, म्हणजे केस गुंतून घट्ट थर बनतो.

सगळ्यात घातक म्हणजे पोटात अडकणारे केस. ससा अंग चाटतो, केस गिळतो आणि त्याला ओकता येत नाही. लेंड्या लहान होऊन केसात ओवलेल्या माळेसारख्या पडू लागल्या, की समजायचं. खाणं आणि लेंड्या दोन्ही थांबल्या तर सकाळपर्यंत वाट पाहू नका. उपाय आहे तो चाऱ्यातच: वाळलेलं गवत दिवसभर पुढ्यात हवं. चार किलोच्या सशाला गोळीखाद्य १२० ते १५० ग्रॅम, आणि आठवड्यातून एक दिवस ते बंद, फक्त गवत. भाताचा पेंढा स्वस्त मिळतो, पण त्यात कस नाही; मुख्य चारा म्हणून तो चालत नाही. पावसाळ्यात खाद्य थोडं थोडंच आणा. बुरशीचं विष सशाला फार लवकर बाधतं, कुबट वास आला की पिशवी फेकून द्यायची.

लोकर महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढते. जर्मन अंगोरा या जातीची ती आपोआप गळत नाही, कापावीच लागते. एरवी ७५ ते ९० दिवसांनी कापतात. इथे मार्च ते मे ६० दिवसांवर कापा. धागा आखूड मिळेल, ससा जगेल. पाठीवर फणीने भांग पाडून कात्री कातडीला समांतर धरायची. केस वर ओढायचे नाहीत: पातळ कातडी तंबूसारखी उचलली जाते आणि कात्रीत येते. मादीची सडं आधी बोटाने चाचपून घ्या. एकाच जागी दुसऱ्यांदा कात्री चालवली की बारीक तुकडे पडतात, आणि सुतात त्यांच्या गाठी होतात. पाठीची-कुशीची लोकर वेगळी, पोटाची गुंतलेली वेगळी. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, न दाबता ठेवा.

ही लोकर १२ ते १६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची, गुळगुळीत आणि जवळजवळ सरळ. मेंढीच्या लोकरीसारखी एकमेकींत अडकत नाही. टकळीवर सुरुवात करताना ३० टक्के अंगोरा, ७० टक्के मेरिनो मेंढीची लोकर असा पेळू करा आणि पीळ नेहमीपेक्षा जास्त द्या. कमी पिळाच्या सुतातून केस सुटत राहतात. अंगोराच्या कापडावरची ती मऊ लव कातताना दिसत नाही. विणलेलं कापड वापरात आलं की हळूहळू वर येते.